आभाळात गॅस भरणारा नरहरी

बोरखेडात नरहरी नावाचा एक भोळा होता. भोळा आपलं म्हणायला. होता शुद्ध बैलोबा. वय पंचेचाळीस, मिशा झुपकेदार, आणि वरच्या मजल्यावर सगळा आनंद. थोरला भाऊ वारल्यावर वेणूवहिनीने त्याचं फ्रीज दुरुस्तीचं दुकान सांभाळलं, आणि दुकानाबरोबर हे ध्यानही.

त्या साली दूध डेअरीच्या थंड खोल्यांचं काम निघालं. अट एकच. जुन्या फ्रीजमधला गॅस हवेत न सोडता सिलिंडरमध्ये साठवणाऱ्यालाच काम मिळणार. वहिनीने दोन वर्षं खपून सहा सिलिंडर भरले होते. गुरुवारी डेअरीचे साहेब तपासायला येणार होते. काम मिळालं तर दुकान चालणार, नाहीतर कुलूप.

सोमवारी नरहरीने एका फ्रीजमध्ये गॅस भरला. संध्याकाळपर्यंत सगळा गळून गेला.

"अहो भाऊजी, आधी नळीला साबणाचं पाणी लावायचं! बुडबुडे दिसले, की तिथं बुजवायचं."

"बरं वहिनी."

मंगळवारी तो गुरुजींच्या घरी गेला. फ्रीजशेजारी माशांची काचेची पेटी. त्यात एका नळीतून बुडबुडे येत होते. नरहरीने नळीचं तोंड मस्त बुजवून टाकलं. बुधवारी सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते, आणि गुरुजी दुकानात येऊन ओरडत होते.

"काय म्हणावं तुम्हाला! हवा अशी कोंडून ठेवतात का, भाऊजी? मोकळी सोडायची असते."

"बरं वहिनी."

त्याच दुपारी एक जुनाट फ्रीज आला. आतला गॅस वीस वर्षं कोंडलेला. नरहरीला त्याचा भारी कळवळा आला. त्याने नळी कापली. फुस्स!

वहिनीने कपाळ बडवून घेतलं. "अहो शहाणे, तो गॅस पार वर जातो! उन्हाने फुटतो, त्यातलं क्लोरीन सुटतं. त्याचा एक कण ओझोनचे लाखभर कण खातो, तरी स्वतः शाबूत राहतो! पृथ्वीवरच्या ओझोनच्या पांघरुणाला भोक पडतं. मग ऊन माणसांची कातडी जाळतं."

"हा ओझोन म्हणजे काय, वहिनी?"

"तोही एक गॅसच."

"आणि भोक कुठं पडलंय?"

"दक्षिणेला, पार टोकाला."

"म्हणजे गॅस कमी झाला. मग काय करायचं?"

वहिनीचं डोकं आधीच फिरलेलं. "गॅस कमी झाला की काय करायचं, हेही मीच सांगू? भरायचा!"

"बरं वहिनी."

गुरुवारी साहेब वजनकाटा घेऊन आले. वहिनीने चहा दिला, ऐटीत मागच्या सिलिंडरच्या खोलीचं दार उघडलं. खोली रिकामी. वर पत्रा वाजत होता.

दोघं अंगणात धावली. नरहरी पत्र्यावर दक्षिणेकडे तोंड करून बसला होता. भोवती सहा सिलिंडर, सगळ्यांचे कॉक सताड उघडे.

"भाऊजी!" वहिनी किंचाळली.

"वहिनी, भोक लईच मोठं आहे हो," नरहरी घाम पुसत म्हणाला. "सहाही संपले. साहेबांना विचारा की, त्यांच्याकडं अजून दोन-चार भरलेले असतील का?"