कांदळाची साल

त्या दिवशी सकाळी सुरंगी अंगणात तिसऱ्या धूत बसली होती. कोवळ्या उन्हात चिमुकल्या शिंपल्यांवरच्या जांभळ्या रेघा चमकत होत्या. तेवढ्यात तरीची होडी चालवणारे धाकूकाका आले. खाडीत कालवं काढताना आत्याचा पाय चिरला, तिला होडीतून आणताहेत, असं त्यांनी सांगितलं.

आत्याशिवाय सुरंगीला कुणी नव्हतं. आई गेल्या वर्षी वारली. तिने अर्धं विणलेलं जाळं अजून खुंटीवर होतं.

जखम भरेना. आठव्या दिवशी वैद्यबुवा दारात चपला घालता घालता हळूच म्हणाले, अमावास्येपर्यंत सुकली नाही, तर पाय वाचायचा नाही. सुरंगीने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती एकटीच कालवं काढायला कांदळवनात गेली. चिखलात इवलेसे लाल खेकडे पळत होते. तिवराच्या हिरव्या पानापानांवर मिठाचे कण लुकलुकत होते. एका कांदळाची साल मात्र कुणीतरी ओरबाडून नेली होती. जाळी रंगवायला गावात सगळेच साल नेत, पण नेणाऱ्याने झाडाची जखम चिखलाने लिंपायची, अशी रीत होती. हा नेणारा ती विसरला होता. सुरंगीने टोपली टेकवली, ओंजळभर मऊ चिखल घेतला आणि जखम लिंपली.

तशी पानांवरचे मिठाचे कण उडाले, गरगरले आणि त्यांची बोटाएवढी, पांढरीशुभ्र परी झाली.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "भरतीचं पाणी गुडघ्याला लागायच्या आत. आणि गेलेलं माणूस मागायचं नाही."

ओठांवर आलेला शब्द सुरंगीने गिळला. पाणी घोट्याला लागलं.

"आत्याचा पाय बरा होऊ दे."

परीने जवळ येऊन सांगितलं, जाळी ज्या काढ्यात रंगवता, तोच गाळून, कोमट करून जखम धू. साल मात्र एका झाडाची तळहाताएवढीच घ्यायची.

"तळहात तुझाच हं," ती म्हणाली. "धाकूकाकांचा नाही."

सुरंगीचा तळहात केवढासा! ती सात झाडांपाशी गेली. पाणी चढत होतं, तरी सातही जखमा तिने लिंपल्या. शेवटच्या झाडाशी पाणी गुडघ्याला टेकलं. ढगातून सोनेरी तिरीप आली आणि पाण्यात मीठ विरघळावं तशी परी त्या उजेडात विरघळली.

काढ्याचं तांबडं पाणी बघून आत्या म्हणाली, "जाळ्याचा काढा माझ्या पायाला? आता मला खुंटीवर टांग म्हणजे झालं."

पण तिने पाय पुढे केला. सुरंगी रोज सकाळ-संध्याकाळ जखम धूत राहिली. अमावास्येच्या आदल्या दिवशी वैद्यबुवांनी पाय उजेडात धरून पाहिला. जखम सुकली होती. जाताना त्यांनी सालीचा एक तुकडा मागून नेला.

पावसाळा सरेपर्यंत आत्या पुन्हा खाडीवर जाऊ लागली. सातही झाडं हिरवीगार होती.

उरलेल्या सालीचा काढा करून दोघींनी त्यात आईचं जाळं बुडवलं. ते लालसर, चकचकीत झालं. आता ते कुजणार नाही. पुरं विणायचं मात्र अजून राहिलं आहे.