दूध संपल्याशिवाय थांबेना

बोरखेडी गावात महिपती नावाचा एक भोळा गडी होता. इतका भोळा की, 'बस' म्हटलं तर बसायचा आणि कुणी 'ऊठ' म्हणेपर्यंत बसूनच राहायचा.

तो दूध डेअरीत कामाला होता. दूध मोजायचं काम कॉम्प्युटरचं, आणि कॉम्प्युटरकडे बघायचं काम महिपतीचं. प्रोग्रॅम लिहिला होता तालुक्याला राहणाऱ्या मालनवहिनीनं.

एका सकाळी मोजणी अडकली. पडद्यावर चाक गरगरत राहिलं आणि खाली अक्षरं आली, 'कृपया थांबा'. महिपती थांबला. बायका कॅन घेऊन ताटकळल्या, ऊन चढलं, दूध नासलं. हा थांबलेलाच.

वहिनी फोनवर म्हणाली, "भाऊजी, अडकलं की थांबायचं नसतं. बंद करून पहिल्यापासून चालू करायचं."

"बरं वहिनी."

दुसऱ्या दिवशी डेअरीच्या चेअरमनचं भाषण होतं. तासभर बोलून ते एका शब्दाला अडकले. महिपतीनं माईक बंद केला, त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं, परत वर चढवलं आणि म्हणाला, "आता पहिल्यापासून."

चेअरमननी केलंही पहिल्यापासून. लोक जेवायचे राहिले.

"अहो भाऊजी," वहिनी म्हणाली, "आधी कुठं अडकतंय ते शोधायचं. एकेक ओळ पुढं सरकायचं. दर ओळीला थांबून बघायचं, काय झालं ते."

"बरं वहिनी."

त्याच आठवड्यात चुलतभावाचं लग्न. भटजींनी मंगलाष्टकाची पहिली ओळ म्हटली. महिपतीनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, "काय झालं?"

"अजून काहीच नाही," नवरा म्हणाला.

"म्हणा भटजी पुढची."

मुहूर्त टळला. नवरीच्या मामानं महिपतीला मांडवाबाहेर काढलं.

मग पुन्हा एकदा डेअरीत चाक गरगरायला लागलं. महिपतीनं फोन केला.

"दूध संपलं की मोजणी थांबते, असं मीच लिहिलंय," वहिनी म्हणाली. "दूध संपल्याचं कॉम्प्युटरला कळत नसणार. मी निघालेच."

महिपतीनं टाकीत डोकावलं. टाकी काठोकाठ. संपणार कसं? तो चावडीवर जाऊन ओरडला, "तांबे आणा, पातेली आणा. दूध संपवायचंय."

गाव लोटलं. पोरांना पांढऱ्या मिशा फुटल्या. अंथरुणातली म्हातारी उठून आली. चेअरमननी उभ्याउभ्या दोन तांबे रिचवले. टाकीचा तळ दिसला आणि चाक खरोखरच थांबलं. महिपतीचा ऊर भरून आला. जन्मात पहिल्यांदा त्याच्या हातून काहीतरी दुरुस्त झालं होतं.

इतक्यात दूध न्यायला टँकर आला. त्यातून वहिनी उतरली. चाक थांबलेलं बघून तिला नवलच वाटलं.

मागून ड्रायव्हर नळी घेऊन आला. टाकीत बघून म्हणाला, "दूध कुठाय?"

"संपलं की," महिपती म्हणाला. "त्याशिवाय का हे थांबलं?"