पोशा मेस्त्रीची उगी

फार वर्षं झाली बघा. वेळशी बंदरातल्या होड्यांनी शिडं उतरवून नुकतीच इंजिनं बसवली होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथे पोशा नावाचा एक मेस्त्री होता. इंजिन बिघडलं की तो आपली काठी घ्यायचा, एक टोक इंजिनाला टेकवायचा, दुसरं दातांत धरायचा आणि डोळे मिटायचा. मग इंजिन त्याच्याशी बोलायचं, असं म्हणतात. खरंखोटं दर्याला ठाऊक.

एकदा त्याचा थोरला भाऊ बाळाराम नाखवा, त्याच्या होडीचं इंजिन बंद पडलं. पोशानं ते पार सुटं केलं, धुतलं, नवे भाग घालून पुन्हा बांधलं. आता बांधलेलं इंजिन चालू करायचं म्हणजे वेळशीत केवढा थाट! हार, नारळ, आणि कानठळ्या बसवणारे ढोल. बाळारामनं हँडल मारलं, इंजिन धडधडलं, ढोलवाल्यांना चेव आला. तेवढ्यात दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पोशाला ऐकू आलं, टिक् टिक् टिक्. ढोल थांबवा म्हणून तो एकेकाच्या विनवण्या करत सुटला. पण मुहूर्ताचं वाजप थांबवणं म्हणजे अपशकुन, कोण ऐकतंय? ढोल दमले तोवर इंजिन तापलं होतं आणि तो आवाज गेला होता.

जाणती माणसं म्हणाली, नवं बांधलेलं इंजिन आहे, आवाज मुरला.

"मुरला नाय दादा, लपला," पोशा म्हणाला. "धुराच्या नळीचा सांधा फुंकतोय, विषारी धूर खाली कोंडेल. लोखंड तापलं की फट मिटते, थंडावलं की उघडते. उद्या जाऊ नको, पॅकिंग बदलतो."

बाळाराम हसला. तुझ्याच हातचं इंजिन आणि तुझाच त्याच्यावर विश्वास नाही होय, म्हणाला. पहाटे होडी गेली.

पोशाला काही चैन पडेना. घास तोंडात फिरू लागला. धक्क्याच्या या टोकाहून त्या टोकाला नुसता येरझाऱ्या घालत राहिला, कोणी हाक मारली तर अंगावर धावून जाई. शेवटी त्यानं काठीचं टोक पाण्यात बुडवलं, दुसरं दातांत धरलं. आणि दर्यातून त्याला भावाची होडी ऐकू आली, असं म्हणतात.

दुपार झाली होती. जाळी ओढून दमलेल्या माणसांनी थंड पडलेलं इंजिन पुन्हा चालू केलं, हळू ठेवलं आणि उन्हातून सुटायला सगळी खाली इंजिनाशेजारी आडवी झाली. टिक् टिक् टिक्. त्या आवाजाखाली पोशाला त्यांचे श्वास ऐकू आले, आणि ते मंदावत होते.

त्यानं हाताला लागली ती होडी पाण्यात लोटली. भरती समोरून येत होती, तरी पाणी त्याच्यासाठी उलटं वाहिलं, असं म्हणतात. वल्ह्यांतून धूर निघाला, असंही म्हणतात. तो पोचला तेव्हा बाळारामची होडी आपली आपण खडकांकडे चालली होती. पोशानं एकेकाला खेचून वर उघड्यावर टाकलं, शेवटी भावाला. मग इंजिन बंद करायला तो पुन्हा खाली उतरला.

बाळारामला जाग आली ती इंजिन थांबल्यामुळे. डोकं ठणकत होतं. तो खाली डोकावला. पोशा इंजिनावर ओणवा पडला होता, तळहात त्या सांध्यावर दाबलेला, काजळीनं काळा झालेला. किती हलवलं, पण पोशा उठला नाही.

पुढच्या साली त्याच होडीचं इंजिन पुन्हा बांधलं. ढोल आले, टिपऱ्या उचलल्या गेल्या, आणि बाळारामनं हात वर केला. "उगी," एवढंच म्हणाला.

ती पोशाची उगी वेळशीत आजही पाळतात. बांधलेलं इंजिन थंड असताना चालू करतात तेव्हा धक्क्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. मासळीची घासाघीस अर्ध्यावर थांबते, आया पोरांना पदराखाली घेतात. एखादं कुत्रं भुंकलंच, तर इंजिन बंद करून निवू देतात आणि पुन्हा पहिल्यापासून. होडीवाल्याच्या घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस काठी दातांत धरून ऐकतं. त्यानं मान हलवली की मगच नारळ, मगच ढोल.

बाळाराम होता तोवर त्याच्या घरचं ते काम त्याच्याकडे होतं. म्हातारपणी त्याला ऐकू येईनासं झालं, तरी काठी तो कोणाला देईना. इंजिनाशी वाकायचा आणि हळूच विचारायचा, "पोशा, मी थांबलोय रं. तू ऐक."