जावईबापूंनी गाडीचे ओरखडे घालवले

एका गावात एक भोळा जावई होता. तसे भोळे जावई गावोगाव सापडतील, पण हा सांगितलेलं सगळं ऐकायचा, आणि तिथंच घोटाळा व्हायचा. नाव श्रीपती. दुधाचा टेंपो चालवायचा.

त्याच्या सासऱ्यांनी, दत्तोबांनी, एक लाल गाडी घेतली होती. जुनीच, पण चकाचक. धाकट्या मुलीला, रंजनाला, रविवारी बघायला पाहुणे येणार होते. दोन वर्षं स्थळं बघून घर दमलं होतं, आणि हा मुलगा रंजनाला फोटोतच आवडला होता. पाहुण्यांना सोबत घेऊन यायचं म्हणून दत्तोबा चार दिवस आधीच त्यांच्या गावी गेले. जाताना त्यांनी किल्ली श्रीपतीच्या हातात ठेवली.

"पाव्हणं, रविवारी चार वाजता स्टँडवर गाडी आणा. आम्हाला सगळ्यांना तुम्हीच घरी आणायचं."

श्रीपतीची छाती फुगली. नारळ फोडण्यापलीकडे सासरी त्याला आजवर कुणी काम सांगितलं नव्हतं.

सासूबाई म्हणाल्या, "पाव्हणं, तेवढी गाडी घासूनपुसून ठेवा."

श्रीपतीने ठेवली. आधी घासली, मग पुसली. घासायला चुलीतली राख घेतली आणि नारळाचा काथ्या. पुसून झाल्यावर बघतो तर बॉनेटवर बारीक ओरखड्यांचं जाळं.

 तो तसाच चौकातल्या हसन पेंटरकडे पळाला.

हसनभाई म्हणाले, "वरवरचे असतील. घरीच जमेल तुम्हाला. आधी नख फिरवून बघा. नख अडकलं तर रंग लावायचा." आणि त्यांनी रंगाची बाटली, ब्रश आणि घासायचा बारीक पेपर दिला.

श्रीपतीने नख फिरवलं. अडकलं नाही. दुसरं फिरवलं. तेही नाही. नखं तर सकाळीच कापलेली! आता रंग लावायचा कसा? त्याने स्क्रूड्रायव्हर आणला. चार ठिकाणी चांगला जोर लावला, तेव्हा कुठे नख झकास अडकलं.

बायको शेवंता बाहेर आली आणि तिने कपाळावर हात मारला. "अहो, काय केलं हे! आता पेपरनं हळू घासा. आणि वरनं पाण्याची धार सोडा. धार थांबू देऊ नका."

श्रीपतीने नळाला पाइप लावला आणि हळू घासलं. खरवडलेल्या कडा बऱ्यापैकी गुळगुळीत झाल्या. शेवंता म्हणाली, "आता जमलं बघा." त्याला इतका आनंद झाला की त्याने लगेच रंगाची बाटली उघडली.

धार मात्र थांबू दिली नाही.

रंग बॉनेटवरून बंपरवर आला, बंपरवरून अंगणात आला, आणि अंगणात तीन पांढऱ्या कोंबड्या होत्या. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन विचारू लागल्या, "ही गुलाबी जात कुठनं आणली गं, शेवंता?"

शेवंताने नळ बंद केला. "ओल्या रंगावर पाणी घालतात होय? पुसा, कोरडं करा, परत लावा. आणि वाळेपर्यंत बोट लावायचं नाही. नुसतं बघत बसायचं."

श्रीपतीने पुसलं, कोरडं केलं, परत लावलं आणि खाट ओढून बघत बसला. थोड्या वेळाने गोठ्यातली कालवड सुटून आली. तिच्या पाठीला खाज सुटली होती. तिने बॉनेटला पाठ लावली आणि निवांत घासत राहिली. श्रीपती मांडी घालून बघत राहिला.

सासूबाई आल्या, तोवर बॉनेटवरचा रंग कालवडीवर गेला होता.

"अहो पाव्हणं, तुम्ही काय करत होता?"

"बघत होतो, मामी. बोटसुद्धा लावलं नाही."

"हाकलायचं की! गाडीपाशी कुणीबी येऊ दे, काठी घ्यायची आणि पार लांब घालवायचं!"

"कुणीबी?"

"कुणीबी!" सासूबाई करवादल्या.

श्रीपतीला फार वाईट वाटलं. रात्री त्याला जेवण गेलं नाही. शेवटी शेवंतानेच हसनभाईंना बोलावून घेतलं. ते शनिवारी आले. जावईमाणूस म्हणून बराच वेळ हसले नाहीत, पण मग त्यांना कोंबड्या दिसल्या. हसून झाल्यावर त्यांनी बॉनेट घासलं, रंगवलं, पॉलिश केलं. त्यात तोंड बघून भांग पाडावा असं झालं.

रविवारी श्रीपती नवा शर्ट घालून, काठी घेऊन गाडीपाशी बसला. त्याने कालवड हाकलली. कोंबड्या हाकलल्या. शेजारच्या काकू हाकलल्या. सासूबाई, शेवंता आणि रंजना मागच्या बाजूला कामात होत्या. अडीचच्या सुमारास अंगणात बरीच पळापळ झाली, पण मागे मिक्सर चालू होता, म्हणून आत काही कळलं नाही.

साडेतीनला सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. गाडीभोवती फिरल्या. एकही ओरखडा नाही. त्यांचा चेहरा खुलला.

"शाब्बास, पाव्हणं! आज मन जिंकलं तुम्ही. कुणी हात नाही ना लावला?"

"लावत होते, मामी. पाच जणांचं टोळकं आलं होतं. इस्त्रीचे कपडे, एकाच्या हातात पेढ्यांचा पुडा. काठी घेऊन मागं लागलो, ते पार ओढ्यापलीकडे घालवून आलो."

सासूबाईंनी खांब धरला. "अहो, ते पाव्हणे असतील!"

"छे! पाव्हणे चार वाजता स्टँडवर यायचेत. हे अडीचला अंगणात आले. म्हणे, बस लवकर आली, म्हणून चालत आलो."

"अगं बाई! मग त्यांच्यासंगं रंजनाचे वडील नव्हते का?"

"होते की," श्रीपती किल्ली फिरवत म्हणाला. "बॉनेटवर पहिला हात त्यांनीच ठेवला. म्हणून पहिली काठी त्यांनाच घातली."