पालथे कमळ

पूर्वी कृतयुगात, पर्वतांचे माथे अजून कोवळे होते आणि देवांना पृथ्वीवर उतरायला निमित्त लागत नसे, त्या काळी गंधमादन पर्वतावर गंधर्वांचे राज्य होते. त्या राज्यात भांडण तोंडाने होई, गाणे तोंडाने होई, पण प्रीती तोंडाने सांगायची नाही असा कुळधर्म होता. सांगायचे ते फुलाने. जाई पाठवली की ‘तू माझ्या दृष्टीस पडलीस’. मोगरा म्हणजे ‘माझी झोप उडाली’. बकुळ म्हणजे ‘सुकेन, पण गंध सोडणार नाही’. अशी सहा दिवस सहा फुले जात, आणि सातव्या दिवशी जाई ते रक्तकमळ. त्याचा अर्थ ‘माझी हो’.

कन्येने ते कमळ द्रोणात घालून परत धाडायचे आणि भर सभेत तो द्रोण उघडायचा. कमळ उताणे, पाकळ्या आकाशाकडे, असले तर होकार. नकार असेल तर द्रोण रिकामा येई. त्यात कुणाचा अपमान नसे. पण कमळ पालथे कुणी ठेवीत नसे. गंधर्वांत पालथे फूल फक्त प्रेताच्या छातीवर ठेवतात.

फुले नेणारी दूती असे, आणि तिचा नेम फार कडक. वाटेत फुलाला बोट लावायचे नाही, त्या फुलाविषयी जन्मात कधी बोलायचे नाही, खूणसुद्धा करायची नाही. नेम मोडला तर कंठ जाई. गंधर्वस्त्रीचा कंठ गेला म्हणजे मग उरले काय? आणि लीलांगीचा कंठ तर असा, की तिने आलाप घेतला म्हणजे चरणारी हरिणे तोंडातला घास तसाच धरून उभी राहत. त्या वर्षी युवराज मणिस्वनाची फुले नेण्याचे काम तिच्याकडे आले.

फुले जायची होती दर्भायन ऋषींच्या आश्रमात. अलकनंदेच्या काठी, देवदारांच्या सावलीत तो आश्रम होता. तिथे वाघाच्या पाठीला अंग घाशीत गायी उभ्या राहत, आणि होमाचा धूर वेलींत गुंतून दुपारपर्यंत तिथेच रेंगाळे. दर्भ कापताना ऋषींना एक तान्ही मुलगी सापडली होती. तिचे नाव त्यांनी कुशावती ठेवले, आणि आता ती उपवर झाली होती. मणिस्वनाने तिला नदीवर घागर भरताना पाहिले होते.

पहिल्या दिवशी जाई घेऊन लीलांगी गेली, तेव्हा कुशावती शिवाला बेल वाहत होती. प्रत्येक पान ती पालथे ठेवीत होती. लीलांगीच्या अंगावर शहारा आला. ते पाहून कुशावती हसली.

“दचकलीस होय गं? बेल पालथाच वाहतात. गुळगुळीत बाजू देवाला, शिरांची बाजू आपल्याकडे. मऊ ते द्यायचे, खरखरीत ते आपण ठेवायचे. याहून मोठे देणे आमच्या आश्रमात नाही.”

लीलांगीने मनात ते नोंदवले.

दुसऱ्या दिवशी मोगरा आला. त्याचा अर्थ विचारायला कुशावती ऋषींकडे धावली. ऋषी समिधा मोडत होते.

“तात, मोगरा म्हणजे काय हो?”

“मोगरा म्हणजे मोगरा! फूल असते ते,” ऋषी म्हणाले, मग पोरीच्या गालांकडे पाहून दाढीत हसले. “अगं, या जटाधारी म्हाताऱ्याला हे विचारतेस? कुणा बिचाऱ्याची झोप उडाली आहे, एवढे मात्र मला कळते.”

असे एकेक फूल येत गेले. बकुळ आली ती कुशावतीने केसांत माळली, आणि सुकली तरी काढली नाही.

सातव्या दिवशी रक्तकमळ आले, आणि सोबत ते परत धाडायचा रिकामा द्रोण. ऋषी रानात गेले होते. कुशावतीने ते कमळ दोन्ही हातांनी उचलले, कपाळाला लावले आणि द्रोणात ठेवले. पालथे.

“मऊ पाकळ्या त्यांना, देठ मला,” ती म्हणाली. डोळे पुसून हसली. “सखे, तू बोलत नाहीस ते बरेच आहे. नाहीतर मी रडले म्हणून त्यांना सांगशील.”

लीलांगी द्रोण घेऊन निघाली. वाटेत एका ओढ्याकाठी ती बसली आणि तिने झाकण उचलले. पालथे कमळ तिच्याकडे पाठ करून पडले होते. ते उलटायला एक बोट पुरे होते! तिचे बोट पुढे झाले. तेवढ्यात ओढ्यापलीकडे एक हरिणी पाणी पीत होती; लीलांगीने नकळत, सवयीने, दोन स्वर गुणगुणले. हरिणीने मान वर केली आणि ऐकत राहिली. लीलांगीने बोट मागे घेतले, झाकण लावले आणि ती डोंगर चढू लागली.

सभा भरली होती. वीणा जुळवून ठेवल्या होत्या. मणिस्वनाने स्वतः द्रोण उघडला, आणि इतकी शांतता झाली की तारेवरून घसरलेली नखी ऐकू आली. मग त्याचा चुलतभाऊ चित्रमुख खाकरला.

“दादा, आपल्या तेराव्याला कोणता राग आळवू? आधी सांगितलेले बरे, साथीदारांना तयारी लागते.”

सभा हसली. म्हातारे गंधर्वसुद्धा उपरण्यात तोंड लपवून हसले. मणिस्वनाचे ओठ पांढरे पडले.

“दूती,” तो म्हणाला, “तू तिथे होतीस. नेम मला ठाऊक आहे, बोलू नकोस. तिने हे न समजता ठेवले असेल तर नुसती मान हलव. एकदाच. तुझ्या कंठाच्या बदल्यात अर्धे राज्य देईन.”

लीलांगी खाली पाहत उभी राहिली. तिची मान हलली नाही.

मणिस्वन त्याच पावली आश्रमाकडे निघाला, आणि दूतीला मागून जावेच लागले. कुशावती दारात उभी होती. न्हालेली होती, केसांत तीच सुकलेली बकुळ होती. त्याला पाहून तिने मान खाली घातली आणि हसली. ते हसूही त्याला कुत्सित वाटले.

“हे गर्विणी!” तो गरजला. “जिवंतपणी तू माझ्या छातीवर प्रेताचे फूल ठेवलेस. तर ऐक! तू वृक्ष होशील. ज्या ऋतूत साऱ्या वनाला पालवी फुटते, त्या ऋतूत तू पानावाचून उघडी उभी राहशील. तुझ्या अंगाअंगावर ज्वाळा फुलतील, आणि त्यांत गंधाचा लेश नसेल. तुझे फूल कोणी प्रियेला धाडणार नाही, कोणी प्रिया माळणार नाही!”

कुशावतीने त्याच्याकडे पाहिलेच नाही. तिने लीलांगीकडे पाहिले.

“सखे, तू पाहिलेस ना? सांग ना गं त्यांना!”

लीलांगीने पदर सारखा केला. तोवर कुशावतीची पावले मातीत उतरली होती आणि साल तिच्या गळ्यापर्यंत आली होती. बकुळीचे फूल तेवढे खाली पडले.

समिधांचा भारा घेऊन ऋषी परतले, तेव्हा दारात पळस उभा होता. काय झाले ते सांगायला कोणी नव्हते. त्यांनी बुंध्याला हात लावून पाहिला, आणि मग रोज ते त्याला पाणी घालू लागले.

फाल्गुनी पौर्णिमेला मणिस्वनाचे दुसरीकडे लग्न झाले. मंगल आलाप लीलांगीने घेतला. असा आलाप पूर्वी कधी झाला नव्हता, असे सारे म्हणाले, आणि वराने गळ्यातला हार काढून तिला दिला. गाता गाता तिची नजर खाली दरीत गेली. एक झाड पेटल्यासारखे उभे होते.

तो हार घालूनच ती आश्रमात गेली आणि ऋषींच्या पायांवर पडली. नेम मोडून तिने सगळे सांगितले. बेल, कमळ, ओढा, मान. सांगता सांगता आवाज फाटू लागला.

ऋषींनी पळसाकडे पाहिले.

“बेल पालथा वाहायला तिला मीच शिकवले,” ते म्हणाले. “तेवढे पाप माझे. पण मुली, आज सांगतेस? त्या दिवशी एकदा मान हलवायची होती.”

“कंठ जाईल म्हणून भ्याले, तात.”

“मग तो कंठ तुला लखलाभ. शब्द जातील, स्वर राहील. पळस फुलेल तेव्हा तुला सारे आठवेल आणि तू ओरडून सांगू लागशील. पानाआड लपून सांगशील, कारण तोंड दाखवायचे धैर्य तुला नाही. आणि ते कोणालाही कळणार नाही.”

लीलांगीने ‘तात’ म्हणायला तोंड उघडले. काळ्या पंखांचा एक पक्षी ओरडत आमराईत शिरला.

शिवाला मात्र कमळाचा अर्थ कळला होता. म्हणून पळसाला पुढे पालवी फुटली ती बेलासारखी, तीन-तीन पानांची. त्या पानांचे द्रोण आजही लावतात. पण त्यांतून फूल कोणी प्रियेला धाडीत नाही.

आणि दर वसंतात, रानात पळस पेटला की आमराईतून तो आवाज येतो. पुन्हा पुन्हा, वर चढत, जीव तोडून. अंगणात बसलेली माणसे काम थांबवून ऐकतात आणि एकमेकांना म्हणतात, कोकिळा किती गोड गाते!