ठिपकी मुंगी आणि गुळाची रिकामी बरणी

एका दुकानात बरण्याच बरण्या होत्या. त्यातल्या गुळाच्या बरणीमागे राहायची एक मुंगी. तिचं नाव ठिपकी. केवढी होती? मोहरीचा दाणा बघितलाय ना? तेवढीसुद्धा नाही!

दुकान होतं रावजीशेटचं. रावजीशेट मोठे मायाळू. रोज सकाळी दुकान उघडायचे. गुळाच्या बरणीत हात घालायचे. एक खडा काढून उंबऱ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "पहिला खडा ठिपकीचा. मग गिऱ्हाइकाचा."

पण रावजीशेटना एक खोड होती बरं का. बरणी अर्धी झाली, की म्हणायचे, "आहे की अजून!" गूळ तळाला गेला, तरी म्हणायचे, "आहे की अजून!"

ठिपकीला बाळ झालं होतं. इवलं इवलं बाळ. शेंगेच्या टरफलाचा पाळणा केला होता. आज संध्याकाळी बारसं. बाळाच्या जिभेला आधी गूळ लावायचा, मगच नाव ठेवायचं, अशी मुंग्यांची रीत.

सकाळ झाली. ठिपकी उंबऱ्यावर आली. तुरुतुरु, तुरुतुरु.

उंबऱ्यावर खडाच नाही!

रावजीशेटनी बरणीत हात घातला. बोटातली अंगठी वाजली. ठण्!

बरणी रिकामी.

शेवंताकाकू वाटी घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "काय हो रावजीशेट, बरणी नुसती बघायला ठेवलीय का?" आणि रिकामी वाटी घेऊन गेल्या घरी.

ठिपकी म्हणाली,
"शेट, शेट, ऐका ना!
शेट खडा देईना,
बाळाचं बारसं होईना!"

रावजीशेटचा चेहरा एवढासा झाला. "कुठून देऊ गं ठिपके? टेम्पो गुळाची ढेप आणेल, तर मी खडा देईन."

ढेप म्हणजे गुळाचा मोठ्ठा गोळा.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टेम्पो चिंचेखाली झोपला होता. घुर्र, घुर्र.

"टेम्पोदादा, ऐका ना!
टेम्पो ढेप आणीना,
शेट खडा देईना,
बाळाचं बारसं होईना!"

टेम्पोनं एक दिवा उघडला. "कुठून आणू गं ठिपके? काहील गूळ शिजवेल, तर मी ढेप आणेन."

काहील म्हणजे गुळाची कढई. केवढी मोठी! तुम्ही आत बसाल, तुमची आई पण बसेल.

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. काहील चुलीवर गार पडली होती.

"काहीलताई, ऐका ना!
काहील गूळ शिजवीना,
टेम्पो ढेप आणीना,
शेट खडा देईना,
बाळाचं बारसं होईना!"

काहील म्हणाली, "बघ बाई, माझं पोट रिकामं. कुठून शिजवू गं ठिपके? चरक रस काढेल, तर मी गूळ शिजवेन."

ठिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. उसाचा चरक गप्प उभा होता. ना कर्र, ना कुर्र.

"चरकमामा, ऐका ना!
चरक रस काढीना,
काहील गूळ शिजवीना,
टेम्पो ढेप आणीना,
शेट खडा देईना,
बाळाचं बारसं होईना!"

चरक म्हणाला, "माझे दात बघ, कोरडे ठाक! कुठून काढू गं ठिपके? बैल ऊस ओढेल, तर मी रस काढेन."

ठिपकी दमली. पाय दुखले. सहाच्या सहा दुखले. जरा टेकली, पायांना फुंकर घातली. मग बाळाची आठवण आली. पुन्हा निघाली. तुरु... तुरु... तुरु...

शेताच्या बांधावर बैल बसला होता. शेजारी उसानं भरलेली गाडी.

"बैलोबा, ऐका ना!
बैल ऊस ओढीना,
चरक रस काढीना,
काहील गूळ शिजवीना,
टेम्पो ढेप आणीना,
शेट खडा देईना,
बाळाचं बारसं होईना!"

बैलाच्या डोळ्यांत पाणी होतं. "काय सांगू गं ठिपके! कानात गोचीड बसलीय. मेली चावतेय नुसती. कान झाडला, निघेना. मान हलवली, निघेना. शिंग तिथं पोचत नाही. खूर तिथं पोचत नाही. शेपूट तर पार तिकडच्या टोकाला!"

ठिपकी म्हणाली, "मी पोचते!"

चढली पायावर. चढली पाठीवर. चढली मानेवर. शिरली कानात! आणि गोचिडीला काढला असा चिमटा, असा चिमटा...

टप्प! गोचीड खाली.

"आहाहा!" बैल म्हणाला आणि उठला की हो उभा!

मग काय!
बैलानं ऊस ओढला, खुळखुळ खुळखुळ.
चरकानं रस काढला, कर्र कुर्र, कर्र कुर्र.
काहिलीनं गूळ शिजवला, रटरट रटरट.
टेम्पोनं ढेप आणली, फटफट फटफट.
ढेपेवर कोण बसलं होतं? आपली ठिपकी!

रावजीशेटनी ढेप फोडली. ठक ठक ठक! शेवंताकाकू वाटी घेऊन पुढं आल्या. शेट म्हणाले, "थांबा काकू. पहिला खडा ठिपकीचा."

काकू हसल्या. "द्या हो द्या. तिच्यामुळंच तर आला!"

खडा दिला. बरणी भरली. मग रावजीशेटनी बोट चुन्यात बुडवलं आणि बरणीच्या मधोमध ओढली एक पांढरी रेघ.

"ठिपके," शेट म्हणाले, "माझं काही खरं नाही. मी आपला म्हणत बसतो, आहे की अजून. गूळ या रेघेला आला, की मला हाक मारायची. तळाची वाट बघायची नाही."

संध्याकाळ झाली. साऱ्या मुंग्या पाळण्याभोवती जमल्या. बाळाच्या जिभेला गूळ लावला. बाळानं मिटक्या मारल्या. मच्च मच्च.

"नाव काय? नाव काय?"

ठिपकीनं बरणीकडं बघितलं. मग बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्र! रेघा."

ठिपकीची लेक रेघा.

रेघा मोठी झाली. आता तीच बरणीवर चढते. गूळ रेघेला आला, की तुरुतुरु जाते रावजीशेटच्या कानापाशी.

"शेट, रेघ आली!"

रावजीशेट म्हणतात, "आहे की अज..." आणि लगेच जीभ चावतात. "अरे टेम्पो, ऊठ! ढेप आण!"

तेव्हापासून त्या बरणीत ठण् वाजलं नाही. कुणाची वाटी रिकामी गेली नाही. आणि उंबऱ्यावर रोज सकाळी दोन खडे असतात.

एक ठिपकीचा. एक रेघाचा.

बरणी भरली, गोष्ट सरली. मिटा आता डोळे.