बिटकीचा खिमा गेला थाळ्यात

आमच्या शेजारी रत्नाकाकी. काकीच्या ओट्याखाली बिटकी. बिटकी म्हणजे मांजरीचं पिल्लू. मुठीएवढं.

काकीच्या घरचा नियम साधा. ओट्यावरचं माणसांचं. खाली पडेल ते मांजरीचं.

आज काकीने खिमा परतला. गाजर, कांदा, मटार घातले. थाळ्यात ओतताना खिम्याचा एक गोळा खाली पडला. टप्प.

बिटकी धावली. लुटुलुटु लुटुलुटु.

पण काकीनेच तो उचलला. फू फू केलं. परत थाळ्यात टाकला. वर फेटलेली अंडी ओतली. मग इकडे तिकडे बघितलं. कुणी बघत नव्हतं. मी सोडून.

बिटकी म्हणाली, "काकी, माझा खिमा द्या."

"थाळा भट्टीत भाजला, की देईन."

बिटकी निघाली. लुटुलुटु लुटुलुटु.

पाववाले इस्माईलचाचा गार भट्टीला टेकून बसले होते.

"चाचा, भट्टी पेटवा.
काकी खिमा देईनात.
मी उपाशी, म्याव."

"लाकडं आली, की पेटवीन."

लुटुलुटु लुटुलुटु. सुतार तात्या. कानावर पेन्सिल, समोर रिकामा कप.

"तात्या, लाकडं द्या.
चाचा भट्टी पेटवीनात,
काकी खिमा देईनात.
मी उपाशी, म्याव."

"चहा आला, की देईन. त्याशिवाय हात उचलत नाही बघ."

लुटुलुटु लुटुलुटु. तात्यांची सून, मंदावहिनी.

"वहिनी, चहा करा.
तात्या लाकडं देईनात,
चाचा भट्टी पेटवीनात,
काकी खिमा देईनात.
मी उपाशी, म्याव."

"दूध आलं, की करीन. कालचं कुणी चाटलं, मला माहीत आहे हो."

लुटुलुटु लुटुलुटु. अंगणात शेळी.

"शेळीबाई, दूध द्या.
वहिनी चहा करीनात,
तात्या लाकडं देईनात,
चाचा भट्टी पेटवीनात,
काकी खिमा देईनात.
मी उपाशी, म्याव."

"पाठ खाजव, की देईन."

"एवढंच?" बिटकीने मारली उडी. खर्र खर्र, खर्र खर्र.

शेळीने दूध दिलं.
वहिनींनी चहा केला.
तात्यांनी लाकडं दिली.
चाचांनी भट्टी पेटवली.
थाळा भाजला. फुस्स फुगला. कडा जरा करपल्या.

वास सुटला तसे सगळे काकीकडे हजर. "आमच्यामुळेच झालं हो," प्रत्येक जण म्हणाला.

काकी हसली. "बिटके, घे तुझा गोळा. ओळख बघू कुठला."

बिटकीने हुंगलं. सूं सूं. "या कडेला नाही. त्या कडेला नाही. मधोमध आहे."

"तोच कशावरून गं?"

"मग तुम्ही दाखवा, कुठे टाकलात."

गोळा तर अंड्यात एकजीव झालेला. काकीने सुरी घेतली. मधला मोठा, मऊ तुकडा बिटकीच्या वाटीत. चप चप चप.

उरल्या करपलेल्या कडा. चाचा, तात्या, वहिनी आणि काकी त्याच चावत बसले.

कुर्रम कुर्रम. कुणी कुणाकडे बघेना.